मीराबेन

मीराबेन (मूळ नाव: मॅडेलीन स्लेड; २२ नोव्हेंबर, इ.स. १८९२ - २० जुलै, इ.स. १९८२) या महात्मा गांधींच्या ब्रिटिश शिष्या व हिमालयातील वनांच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या कार्यकर्त्या होत्या.

जीवन
ब्रिटिश नौदलातील अधिकारी एडमंड स्लेड हे त्यांचे वडील होत. रोमां रोलां यांच्याकडून गांधीजींविषयी कळल्यावर त्या इ.स. १९२५ मध्ये साबरमती आश्रमात दाखल झाल्या. पुढे वर्धा जिल्ह्यातील सेगाव (आताचे सेवाग्राम) येथे त्या गांधीजींच्या आधीच राहावयास गेल्या. तेथील त्यांची मातीची झोपडी पुढे 'बापू कुटी' म्हणून प्रसिद्ध झाली. इ.स. १९४२ मध्ये त्यांना गांधीजींसह पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले.

वनविषयक कार्य
ऋषिकेशजवळील पशुलोक आणि नंतर भिलंगणा खोऱ्यातील गोपाल आश्रम ही त्यांची कार्यकेंद्रे होती. गंगेच्या पुरांचे एक कारण त्यांना डोंगरांवरील वनबदलात आढळले. बांज वृक्षांच्या कुजलेल्या पानांचा थर पावसाचे पाणी धरून ठेवतो व झऱ्यांना टिकवतो. त्यांच्या जागी पसरणाऱ्या चीड वृक्षांखाली पाणी वाहून जाते. लाकूड व राळेच्या उत्पन्नामुळे चिडाला झुकते माप मिळते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले. इ.स. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला व अखेरपर्यंत ऑस्ट्रियात वास्तव्य केले. इ.स. १९७३ नंतर चिपको आंदोलनाने त्याच डोंगरांतील वनांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले.