गवसणीतला तंबोरा

आम्ही रत्नागिरीकडची माळकरी मंडळी. आषाढीला निघालो की पाली, नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढायचा आणि कोल्हापूर, मिरज अशी पंढरीची वाट धरायची. एका वर्षी भर घाटात विण्याची तार तुटली. पडशीत चिवडा, लाडू, घोंगडी, सगळं होतं. जादा तार मात्र कोणी घेतली नव्हती! मिरजेला मुक्काम पडला तेव्हा तिथल्या जाणत्या मंडळींनी आम्हांस खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची हकीकत सांगितली. ती भाविकांपुढे ठेवतो.

खाँसाहेब उत्तरेतील कैराना गावचे. जन्म १८७२ चा. बडोदे दरबारी काही काळ गाऊन पुढे ते महाराष्ट्रात आले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले व अखेर मिरजेस घर केले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि ज्यांचे अभंग आपण घरोघर ऐकतो ते भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे शिष्य. म्हणजे हे ऋण आपल्याही दारापर्यंत आलेले आहे.

मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे हा धंदा रुजविला. त्याला लागणारे मोठे भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, चंद्रभागेच्या पाण्यावर पोसलेले! असा भोपळा एका धक्क्यानेही तडकतो. म्हणून गवसणी जाड हवी, आणि बरोबर जादा तारा, सूर मिळवायचे मणी, घोडीवर तारेखाली सारायचा दोरा असे सारे हवे. खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात तरबेज होते. प्रवासात दुरुस्तीची हत्यारे ते जवळ बाळगीत. जवारी उघडल्याशिवाय सूर लागत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत गाडीत जिवाला बरे वाटेना. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घालवले, तंबोरा जुळवून घेतला आणि देवाची प्रार्थना गात गात २७ तारखेस देह ठेवला. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केला. तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात.

मंडळी, जरा विचार करा. परक्या मुलखात, रिकाम्या फलाटावर अखेरची घटका आली, तेव्हा तंबोरा हाताशी होता आणि तो सुरात लागला. त्यामागे जन्मभराची काळजी होती. ती घटका आपल्यालाही सांगून येणार नाही.

तेव्हापासून आमच्या दिंडीत निघण्याच्या आदल्या रात्री आधी विण्याची गवसणी, तारा नि दोरा पाहतो, मग शिदोरी बांधतो.