थिरकवा : बोटांमागचा रियाज

तबल्यावर बोटे थिरकायची म्हणून नाव पडले थिरकवा. उस्ताद अहमदजान खाँ जन्मले मुरादाबादला, पण तालीम मिळाली मुंबईत, उस्ताद मुनीर खाँ यांच्याकडे. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ते साथीला बसले आणि मराठी रसिकांना घरचे झाले.

ती करामत एकट्या बोटांची नव्हे. बोटे वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांना हुकूम मेंदूतून येतो. उजव्या हाताला डाव्या मेंदूचा, डाव्या हाताला उजव्याचा. मज्जातंतूंची ही वाट मानेच्या वर बाजू बदलते आणि मज्जारज्जूतून हातात उतरते. दायाँ-बायाँचा मेळ लहान मेंदू राखतो; चूक झाली तर पुढची हालचाल तोच सुधारतो. द्रुत लयीत मात्र एका बोलाची खबर घेऊन मेंदू चूक सुधारेपर्यंत पुढचा बोल वाजलेला असतो. म्हणून मेंदू बोलांची मालिका आधीच जुळवून ठेवतो. हे रोजच्या रियाजानेच साधते. आपल्या दापोडे-भिवंडी भागात मागावरचा तुटलेला धागा क्षणात सांधणारा कारागीरही याच वाटेने तयार होतो.

रामपूर दरबारानंतर खाँसाहेबांनी लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवले. १९७० मध्ये पद्मभूषण मिळाले. उतारवयातही ते मैफली वाजवत राहिले. १९७६ मध्ये लखनौत त्यांचे निधन झाले. बोल त्यांनी शिष्यांना दिले. मेंदूतली ती वाट मात्र कुणाला देता येत नाही. ती ज्याची त्यानेच घडवायची असते.