बहिणाबाई चौधरी : नाव, नाते आणि निसर्ग

खानदेशातील जळगावनजीकच्या असोदे या गावी, महाजनांच्या शेतकरी कुटुंबात १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी विवाह होऊन त्या सासरी आल्या. तिशीच्या सुमारास, पदरी मुले असताना, त्यांना वैधव्य आले. अक्षरओळख नसलेल्या या स्त्रीचे पुढील आयुष्य शेत, जाते आणि चूल यांच्या परिघात गेले. काव्यरचनेसाठी कामाहून वेगळा वेळ त्यांना नव्हता. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी हे त्यांच्या गाण्यांचे विषय, तसेच ते त्यांच्या वर्षाचे टप्पेही होत.

त्यांना निसर्गकवयित्री म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि ही संज्ञा अपुरी वाटते. त्याच खानदेशातील धरणगावी जन्मलेल्या बालकवींच्या (१८९०–१९१८) कवितेत निसर्ग हा प्रामुख्याने आनंदाचा विषय आहे. बहिणाबाईंच्या लेवा बोलीतील गाण्यांत तो कष्टांतला वाटेकरी आहे. त्यांच्या एका रचनेत, ज्या वस्तूकडून तिचे विहित कार्य घडत नाही ती आपल्या नावास पात्र नाही, असा विचार येतो. या निकषातून झाड, पाणी वा माणूस यांपैकी कोणीच सुटत नाही. नाव देणे म्हणजे परस्परकर्तव्याचे नाते मान्य करणे, ही त्यांची धारणा होती.

सुगरण पक्ष्याच्या खोप्यावरील त्यांची रचना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. पक्षिशास्त्रानुसार खोपा नर विणतो. अर्धवट विणलेले खोपे पाहून मादी त्यांतील एक पसंत करते. बहिणाबाईंच्या गाण्यात मात्र विणणारी आई आहे. मराठीत या पक्ष्याचे नावच मुळी निपुण गृहिणीचे आहे. त्या नावात कथा आधीच दडलेली होती. ही निरीक्षणातील चूक म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु चोचीखेरीज अवजार नसलेल्या जिवाचे कौशल्य त्यांनी नेमके टिपले, तेही याच नावाच्या आधारे. भाषा दृष्टीला धार देते आणि वळणही लावते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त पीतांबर चौधरी यांनी ही गाणी टिपून ठेवली नसती, तर ती ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंबरोबरच लोपली असती. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ती ग्रंथरूप झाली. शब्द वाचले, मात्र मोट आणि बैलांची मळणी मागे पडल्याने त्या शब्दांमागील अनुभव आजच्या विद्यार्थ्याला टीपांतून समजून घ्यावा लागतो. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. नावाला कार्याची जोड हवी, हा त्यांचाच निकष लावला, तर ज्यांच्या तोंडी ही बोली अजून कामासह जिवंत आहे त्यांच्याकडून ती नोंदवून घेणे, हे अभ्यासकांचे पहिले कर्तव्य ठरते.