११० मैल चालून गेलेल्या पोराला परीक्षेलाच बसू दिलं नाही, पुढं त्यानंच देशातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं केलं

पुण्यात कर्वे रोड आहे, कर्वेनगर आहे. मुंबईत चर्चगेटला उतरलात तर समोरच महर्षी कर्वे मार्ग लागतो. नाव सगळ्यांना माहिती असतं, फोटोतली ती पांढरी दाढी आणि टोपीही ओळखीची असते.

पण या माणसाचं आयुष्य नीट पाहिलं तर एक गोष्ट सारखी दिसत राहते. त्यांच्यासमोर दार बंद झालं की ते तिथं डोकं आपटत बसायचे नाहीत, आणि आज ना उद्या उघडेल म्हणून वाटही बघायचे नाहीत. आत्ता, या क्षणी, आपल्या हातात काय आहे एवढं ते बघायचे आणि तेवढ्यावर कामाला लागायचे.

सुरुवात होते कोकणातून.

साताऱ्याची पायपीट

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. जन्मगाव रत्नागिरी जिल्ह्यातलं शेरवली, पण लहानपण गेलं दापोलीजवळच्या मुरूडला. घरची परिस्थिती बेताची. त्या काळात सहावीची सरकारी परीक्षा पास झालं की मास्तरकी मिळायची, त्यामुळं गरीब घरातल्या पोरासाठी ती मोठी गोष्ट होती.

परीक्षेचं केंद्र होतं साताऱ्याला. धोंडो आणि त्याच्या सोबतची पोरं पावसाळी दिवसांत सह्याद्रीचा घाट चढून चालत निघाली. अंतर जवळपास ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर.

पोहोचल्यावर झालं असं की, परीक्षेसाठी वयाची अट होती १७ वर्षांची. धोंडोचं वय त्यात बसत होतं, पण अंगकाठी इतकी लहान की साहेबांना ते पटेना. त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही.

एवढी पायपीट करून पोरगा हात हलवत परत आला.

इथं बऱ्याच जणांनी नशिबाला बोल लावून विषय संपवला असता. त्यानं दुसरं केंद्र शोधलं. पुढं कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि पास झाला. मग इंग्रजी शिक्षण, मुंबईत शिकवण्या करत १८८१ साली मॅट्रिक आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. तेव्हा त्यांचं वय २६ होतं. बरोबरीचे लोक कधीच पुढं गेले होते, पण कर्वे आपल्या चालीनं चालत राहिले.

या काळातली त्यांची एक सवय सांगण्यासारखी आहे. कमाईतल्या प्रत्येक रुपयामागं एक पैसा ते समाजकार्यासाठी बाजूला टाकायचे. रक्कम किरकोळ होती, पण ती टाकण्यात खंड पडला नाही. पुढं त्यांनी जे काही उभं केलं, त्याची पद्धत या एका पैशात दिसते.

गावानं वाळीत टाकलं

१८९१ साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले.

दुसरं लग्न करणार होते, पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणं दहा-बारा वर्षांची मुलगी करायला त्यांचं मन तयार नव्हतं. त्यांच्या मित्राची बहीण गोदूबाई बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी त्यांच्याशी लग्न केलं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्यानं परवानगी दिली होती, गावानं दिली नव्हती. मुरूडमध्ये बैठक भरली आणि कर्व्यांवर बहिष्कार पडला. त्यांना घरात घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकणार, असं ठरलं. म्हणजे आईला भेटायचं म्हटलं तरी पंचाईत.

कर्वे गावाशी भांडले नाहीत आणि मागेही फिरले नाहीत. विधवाविवाहाला पाठिंबा देणारी मंडळी जमवायला त्यांनी सुरुवात केली. पण हे करताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. लग्नाला तयार होणाऱ्या विधवा मूठभर. बाकी हजारो जणी घरात राबतायत, हातात ना शिक्षण ना पैसा. आधी त्यांना स्वतःच्या पायावर उभं करायला हवं.

हिंगण्याची झोपडी

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी सुरू केली. आश्रम पुण्यात चालू झाला आणि प्लेगनं शहराला घेरलं. शहरात राहणं धोक्याचं होतं. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी गावाबाहेर हिंगण्याला जमीन दिली आणि १९०० साली तिथं एक साधी झोपडी उभी राहिली.

आजचं कर्वेनगर डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा हिंगण्याला धड रस्ता नव्हता. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी कित्येक मैल चिखल तुडवत आश्रमात जायचे. जाताना सामानसुमानाचं ओझं सोबत असायचं. रात्री मुलींना शिकवायचं, तिथंच राहायचं आणि सकाळी परत कॉलेज. सुट्टीच्या दिवशी वर्गणी मागायला बाहेर. असं एक-दोन दिवस नाही, जवळपास दोन वर्षं चाललं.

या सगळ्याची किंमत घरानंही मोजली, हे विसरून चालणार नाही. आपली विमा पॉलिसीसुद्धा कर्व्यांनी आश्रमाला देऊन टाकली. संसार मात्र आनंदीबाईंनी ओढला, मुलांच्या भवितव्याची काळजीही त्यांनीच केली. माझे पुराण या आत्मचरित्रात त्यांनी आपली बाजू मोकळेपणानं मांडली आहे. आश्रमाच्या कामात आनंदीबाईंच्या विधवा बहीण पार्वतीबाई आठवले यांचाही वाटा मोठा. वयाच्या विशीनंतर अक्षरओळख झालेल्या पार्वतीबाई पुढं आश्रमाचा कारभार बघायला लागल्या आणि निधी गोळा करायला देशभर फिरल्या.

पाच मुलींचं विद्यापीठ

१९१५ साली कर्व्यांकडं राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं. त्याआधी जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हातात पडली होती. आपल्याकडं हे का होऊ नये, असा विचार त्यांनी केला आणि परिषदेत कल्पना मांडून टाकली.

पैसा नव्हता आणि सरकारी मान्यता नव्हती. मान्यता नसलेल्या पदवीला कोण विचारणार, असा आक्षेप होता. शिकवण्याचं माध्यम मातृभाषा असणार, यावरही लोक नाराज होते. आक्षेप चुकीचे होते असं नाही. मान्यतेची अडचण खरीच होती.

पण सगळं जुळून येईपर्यंत थांबलो तर सुरुवातच होणार नाही, हे कर्व्यांना कळत होतं. १९१६ साली विद्यापीठ सुरू झालं. कॉलेजात विद्यार्थिनी किती, तर अवघ्या पाच!

पाच मुलींसाठी विद्यापीठ काढणारा माणूस लोकांना वेडा वाटला असणार. कर्व्यांनी मात्र त्या पाच जणींना शिकवायला घेतलं आणि झोळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली. कुणी काही आणे दिले, कुणी रुपया दिला, ते हिशोबात लिहून पुढच्या गावाला निघायचे. अशी चार वर्षं गेल्यावर १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली. त्यांच्या आईच्या नावावरून विद्यापीठाचं नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच आजचं एस.एन.डी.टी. असं पडलं.

ही देणगी अचानक आलेलं नशीब वाटू शकते. पण चार वर्षं चालवून दाखवलेलं विद्यापीठ समोर नसतं, तर ती द्यायची तरी कशाला?

आणि ती सरकारी मान्यता? त्यासाठीचा कायदा झाला १९४९ साली. म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी. तेव्हा कर्वे ९१ वर्षांचे होते.

सत्तरीनंतरही पुढचं काम

एवढ्या वर्षांत ते मान्यतेची वाट बघत बसले होते असंही नाही. १९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी ते जगाच्या दौऱ्यावर निघाले. युरोप, अमेरिका, जपान असं फिरत शिक्षणसंस्था पाहिल्या, भाषणं केली, निधी जमवला. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनला भेटले. त्यानंतर आफ्रिकेचा दौरा केला.

१९३६ साली, ७८ व्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. १९४४ साली, ८६ व्या वर्षी, जातिभेद मोडण्यासाठी समता संघ सुरू केला.

१९५८ साली वयाची शंभरी पूर्ण झाली आणि त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आशावादी माणूस म्हटलं की सगळं छान होईल म्हणणारा कुणीतरी आपल्या डोळ्यांसमोर येतो. कर्व्यांच्या बाबतीत कितीतरी गोष्टी छान झाल्या नाहीत. साहेबानं हाकललं, गावानं वाळीत टाकलं, प्लेग आला, मान्यतेनं ३३ वर्षं तंगवलं. त्यांचा आशावाद अडचण मान्य करूनही आजचं काम आज करण्यात होता. साताऱ्याला नाही तर कोल्हापूरला. पुण्यात नाही तर हिंगण्याला. पन्नास मुली नाहीत तर पाच.

त्या पाचांपासून सुरू झालेल्या विद्यापीठात आज हजारो मुली शिकतायत.