लोकांच्या बोलीचे सेवक : मोन्सिन्योर दालगाद

नाताळ, क्रूस, पाद्री हे शब्द आपण मंडळीत नित्य उच्चारतो. ते पोर्तुगीजांकडून मराठीत आले. अशा शब्दांचा माग काढण्यात मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद यांनी आपले आयुष्य वेचले.

गोव्यातील आसगाव येथे ८ मे १८५५ रोजी त्यांचा जन्म झाला. राशोलच्या सेमिनरीत शिकून ते कॅथलिक धर्मगुरू झाले. पुढे रोमला त्यांनी डॉक्टरेट मिळविली. सिलोन व बंगालमध्ये सेवा करताना त्यांनी लोकांच्या बोली कान देऊन ऐकल्या. १८९३ साली त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश मुंबईत प्रसिद्ध झाला. १८९५ साली ते लिस्बनला गेले व कालांतराने तेथे संस्कृत शिकवू लागले.

पोर्तुगीज ठाण्यांच्या आसपास परके शब्द व देशी वळण मिळून मिश्र बोली जन्मल्या होत्या. शिकलेले लोक त्यांना मोडकी पोर्तुगीज म्हणून हसत. संस्कृतच्या या पंडिताने मात्र सिलोनची (१९००), दमणची (१९०३) आणि मुंबई-वसईकडील बोली (१९०६) ग्रंथरूपाने मांडली. दूर सुरिनाममध्ये, मळ्यांतून पळालेल्या आफ्रिकी गुलामांची सारामाकन ही अशीच मिश्र भाषा. तिचा शब्दकोश शूमान या मोरेव्हियन मिशनऱ्याने १७७८ साली रचला होता.

उतारवयात दालगादांचे दोन्ही पाय कापावे लागले. तरी लेखणी थांबली नाही. पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा त्यांचा मोठा कोश १९१९ व १९२१ साली दोन खंडांत निघाला. ४ एप्रिल १९२२ रोजी लिस्बन येथे त्यांचे निधन झाले. रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात तशीच एक बोली आजही टिकून आहे. गावकरी तिला नो लिंग, म्हणजे आमची भाषा म्हणतात.

पेत्राच्या गालीली बोलीवरून अंगणातील लोकांनी त्याला ओळखले आणि तो घाबरून गेला. पुढे पेंटेकॉस्टच्या दिवशी तोच गालीली पेत्र हजारोंसमोर उभा राहिला. देवाने त्याची बोली अडसर मानली नाही.

धार-देवासकडील आपल्या मराठी घरांतील मुले माळवी, हिंदी मिसळून बोलतात. संडे स्कूलच्या शिक्षकांनो, असे मूल वचनाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगू लागले, तर शब्द सुधारण्याआधी त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मध्येच हसू झाले, तर ते मूल पुढच्या रविवारी तोंड उघडणार नाही.