स. का. पाटील आणि त्यांची हक्काची जागा

चर्नी रोड स्थानकाबाहेर महर्षी कर्वे मार्गावर स. का. पाटील उद्यान आहे. संध्याकाळी मुलांना घेऊन तेथे येणाऱ्या गिरगावकरांपैकी किती जणांना हे पाटील कोण होते हे ठाऊक असेल, कोण जाणे. ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या जुन्या मंडळींच्या कपाळावर हे नाव ऐकताच आजही आठी पडते. मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणून ज्याची ख्याती होती, त्या माणसाचे नाव त्याला कधीही आपले न म्हणणाऱ्या वस्तीतील बागेला असावे, हा योगायोग गमतीचाच म्हणायचा.

सदाशिव कानोजी पाटील मूळचे तळकोकणातले. शिक्षणासाठी मुंबईत आले आणि असहकाराच्या चळवळीत कॉलेज सोडून राष्ट्रकार्यात पडले. पत्रकारिता केली, तुरुंगवास भोगला. परंतु त्यांचे खरे क्षेत्र संघटनेचे. काँग्रेसच्या रचनेत मुंबई शहराची प्रदेश समिती महाराष्ट्राच्या समितीहून स्वतंत्र होती. आधी सरचिटणीस आणि पुढे अध्यक्ष म्हणून दोन दशकांहून अधिक काळ या समितीची सूत्रे पाटलांच्या हाती राहिली. पुण्याच्या वा विदर्भाच्या नेत्यांना विचारण्याची त्यांना गरज नव्हती. बाजारपेठा, गिरण्यांचे मालक, दलाल यांच्याशी त्यांचे थेट संबंध होते आणि पक्षनिधीची थैली भरण्याचे त्यांचे कसब दिल्लीपर्यंत वाखाणले जात असे. घटना समितीचे ते सदस्य होते, आणि १९४९ ते १९५२ अशी सलग तीन वर्षे मुंबईचे महापौर.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहर दक्षिण मतदारसंघातून ते लोकसभेवर गेले. कुलाबा, फोर्ट, काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव, मलबार हिल असा हा टापू. एकीकडे कापडबाजार आणि सराफा, दुसरीकडे समुद्राकडे तोंड केलेले बंगले आणि मधोमध चाळींमधला मराठी मध्यमवर्ग. गुजराती, मारवाडी, पारशी, मुस्लिम, ख्रिस्ती, दाक्षिणात्य असे सगळे येथे दाटीवाटीने राहत. महापौरपदाची कारकीर्द नुकतीच संपलेली, पक्ष काँग्रेस आणि काळ स्वातंत्र्यानंतरचा. पहिल्या विजयात नवल काहीच नव्हते.

कसोटीची निवडणूक पुढची होती. मुंबई महाराष्ट्राची की स्वतंत्र, या वादात कोकणात जन्मलेल्या या मराठी माणसाने मुंबई वेगळी ठेवण्याची बाजू उचलून धरली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही. २० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई आणि पाटील यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला हजारो वर्षे मिळणार नाही, अशा आशयाचे पाटलांचे उद्गार त्या सभेशी जोडले जातात. लोक खवळले, दगडफेक झाली आणि सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार होऊन पंधरा जण मृत्युमुखी पडले. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या. हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला आणि संयुक्त महाराष्ट्रवाद्यांच्या तोंडी स. का. पाटलांचे सदोबा झाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये आचार्य अत्रे यांनी 'मराठा' दैनिक सुरू केले, तेव्हा त्यांच्या लेखणीला हे एक हक्काचे लक्ष्यच मिळाले.

अशा वातावरणात १९५७ ची निवडणूक आली. पश्चिम महाराष्ट्रात समितीच्या लाटेने काँग्रेसची दाणादाण उडवली. परळ-लालबागच्या गिरणगावाला सामावून घेणाऱ्या मुंबई शहर मध्य मतदारसंघात कॉम्रेड डांगे विजयी झाले. आणि मराठी माणसाच्या रोषाचा जो सर्वांत मोठा धनी होता, तो मात्र दक्षिणेत पुन्हा निवडून आला.

हे कसे घडले, याचे उत्तर मतदारयादीत होते. मुंबई महाराष्ट्रात गेली तर आपले काय होणार, ही धास्ती बाजारपेठेतल्या बिगरमराठी मतदाराला वाटत होती. पाटील त्याला आपला तटबंदीचा दरवाजा वाटले. गिरगावच्या चाळींनी त्यांच्याविरुद्ध कितीही राग ओतला तरी मतदारसंघाच्या गणितात तो पुरेसा नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते पाटलांच्या हक्काच्या जागेचे मर्म येथेच आहे. ही जागा त्यांना प्रेमाने मिळाली नव्हती, ती भीतीने राखली होती.

या विजयाने केंद्रीय मंत्रिमंडळाचे दार उघडले. पाटबंधारे व वीज, नंतर वाहतूक व दळणवळण, आणि १९५९ पासून अन्न व शेती अशी खाती त्यांच्याकडे आली. मे १९६० मध्ये वॉशिंग्टनला अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासमवेत त्यांनी पीएल-४८० कराराखाली चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ आणण्याच्या करारावर सही केली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले होते. आयुष्यातील सर्वांत मोठी राजकीय लढाई पाटील हरले होते. तरीही १९६२ मध्ये दक्षिण मुंबईने त्यांना तिसऱ्यांदा लोकसभेत पाठविले. १९६३ मध्ये कामराज योजनेखाली त्यांनी मंत्रिपद सोडले; १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्यांना रेल्वेमंत्री म्हणून परत बोलावले. काँग्रेस चालविणाऱ्या ज्या मोजक्या नेत्यांना वृत्तपत्रे सिंडिकेट म्हणू लागली, त्यांत त्यांची गणना होत असे.

१९६७ मध्ये त्यांच्यासमोर उभा राहिला एक छत्तिशीचा युनियनवाला. जॉर्ज फर्नांडिस मंगळूरहून मुंबईत आले तेव्हा चौपाटीच्या बाकावर झोपत. गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली ते तयार झाले. पालिका कामगार, टॅक्सीचालक यांच्या संघटना बांधल्या, १९६१ मध्ये महापालिकेत नगरसेवक म्हणून गेले. संयुक्त समाजवादी पक्षाच्या या उमेदवाराची पाटलांनी फारशी दखल घेतली नाही. आपल्याला देवही हरवू शकणार नाही, असे ते पत्रकारांजवळ बोलून गेल्याचे सांगतात. जॉर्जच्या कार्यकर्त्यांनी ते वाक्य उचलले आणि देवाला जमणार नसेल तर मतदारांनी ते करावे, असा प्रचार दारोदार नेला. शहराने एवढा खट्याळ प्रचार तोवर क्वचितच पाहिला असेल.

पण केवळ खट्याळपणाने पाटील पडले नसते. मुंबई महाराष्ट्रात येऊन सात वर्षे झाली होती आणि बाजारपेठांचे काहीच बिघडले नव्हते. ज्या भीतीने १९५७ ला तारले, ती भीतीच उरली नाही. भुलेश्वरचा मतदार आता महागाई, रेशनची रांग, १९६६ च्या जूनमधील रुपयाचे अवमूल्यन यांचा विचार करायला मोकळा झाला होता. सलग दोन दुष्काळांनी अन्नधान्याची दैना झाली होती आणि परदेशी गव्हाचा करार कोणी केला हेही लोक विसरले नव्हते. गिरगावचा मराठी मतदार दहा वर्षे दबा धरून बसलेलाच होता. आणि समोरचा उमेदवार कोकणी ख्रिस्ती, मराठी-हिंदीत सफाईने बोलणारा. जुन्या भांडणातल्या कोणत्याच गोटात त्याला बसवता येत नव्हते. मराठी विरुद्ध बिगरमराठी हा पाटलांचा नेहमीचा हिशेब येथे मांडताच येईना. फर्नांडिस यांना ४८.५ टक्के मते पडली. देशभर त्यांचे नाव जायंट किलर म्हणून गाजले. त्याच निवडणुकीत विरुदुनगरमध्ये खुद्द कामराजही पराभूत झाले, त्यामुळे पाटलांच्या पराभवाला एकटेपण तरी नव्हते.

पाटील त्यानंतर मुंबईतून लोकसभेत कधीच गेले नाहीत. १९६९ मध्ये पोटनिवडणूक जिंकून ते लोकसभेत परतले, पण गुजरातमधील बनासकांठा मतदारसंघातून. त्यांच्या जुन्या विरोधकांना यावर काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. त्याच वर्षीच्या अखेरीस काँग्रेस फुटली. पाटील संघटना काँग्रेसमध्ये राहिले आणि १९७१ च्या इंदिरा लाटेत तो पक्ष वाहून गेला. पुढचे दशक त्यांनी राजकारणाच्या कडेला काढले. २४ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. मालवणच्या सिंधुदुर्ग महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

तळकोकणातला हा माणूस जवळजवळ तीन वर्षे देशाचा रेल्वेमंत्री होता. कोकणात सलग रेल्वे आणणारे कोकण रेल्वे महामंडळ मात्र १९९० मध्ये स्थापन झाले, आणि तेव्हाचे रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस.