बिर्गिट ड्रेसेल

बिर्गिट ड्रेसेल (जन्म : ४ मे १९६०, ब्रेमेन, मृत्यू : १० एप्रिल १९८७, माइन्त्स) या पश्चिम जर्मनीच्या हेप्टॅथलॉनपटू होत्या. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांचा नववा, तर १९८६च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत चौथा क्रमांक आला. वयाच्या २६व्या वर्षी, शरीरातील एकामागून एक अवयव निकामी होऊन त्यांचा मृत्यू झाला. खेळाडूंना दिली जाणारी उत्तेजके, शक्तिवर्धके आणि पूरक द्रव्ये यांविषयी जर्मनीत आजवर जी चर्चा झाली, तिच्यात ड्रेसेल यांचे नाव वारंवार येते.

कारकीर्द

हेप्टॅथलॉन ही सात प्रकारांची स्पर्धा दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर धावणे. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि ८०० मीटर धावणे. या प्रकारांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. गोळाफेकीला स्नायूंचे बळ आणि वजन लागते. उंच उडीला आणि ८०० मीटरला तेच वजन जड होते. त्यामुळे सरावाचा भार मोठा असतो आणि सांधे, पाठ व स्नायू सतत दुखावलेले राहतात. थकवा लवकर उतरावा, दुखणे दबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरता यावे, ही या खेळाडूंची रोजची गरज असते. औषधांचा शिरकाव बहुधा याच वाटेने होतो.

ड्रेसेल माइन्त्स येथील क्रीडासंघाकडून खेळत. थोमास कोलबाखर हे त्यांचे प्रशिक्षक व जीवनसाथी होते. ऑलिंपिकमध्ये त्यांनी ६,०८२ गुण मिळवले. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९८६मध्ये, श्टुटगार्टच्या युरोपीय स्पर्धेत त्यांचे गुण ६,४८७ झाले. मायभूमीतील प्रेक्षकांसमोर मिळालेला हा चौथा क्रमांक त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च यश ठरला. दोन वर्षांत ४०५ गुणांची वाढ ही या खेळात लहान गोष्ट नव्हे. पुढील वर्षाच्या रोम येथील जागतिक स्पर्धेसाठी आणि १९८८च्या सेऊल ऑलिंपिकसाठी त्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या.

औषधोपचार

फ्रायबुर्ग येथील क्रीडावैद्य आर्मिन क्ल्युम्पर यांच्याकडे ड्रेसेल नियमितपणे जात असत. त्या काळी पश्चिम जर्मनीतील अनेक नामवंत खेळाडू क्ल्युम्पर यांचे रुग्ण होते आणि त्यांच्या हातगुणावर या खेळाडूंचा गाढ विश्वास होता. ड्रेसेल यांना त्यांनी किमान ४०० इंजेक्शने दिली, असे पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत नमूद आहे. त्यांत वेदनाशामके होती, जीवनसत्त्वे होती, वनस्पतिजन्य अर्क होते आणि प्राण्यांच्या पेशींपासून बनवलेली द्रव्येही होती. जीवनसत्त्वांच्या व खनिजांच्या गोळ्यांचा रोजचा रतीब वेगळाच. मृत्यूनंतरच्या तपासात एकूण शंभराच्या आसपास निरनिराळ्या औषधांचा हिशेब लागला.

या यादीत दोन ॲनाबॉलिक स्टेरॉइडे होती : ‘मेगाग्रिसेविट’ या नावाने विकले जाणारे क्लोस्टेबॉल आणि ‘स्ट्रोम्बा’ या नावाने विकले जाणारे स्टॅनोझोलॉल. ही द्रव्ये टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम भावंडे होत. ती स्नायूंमधील प्रथिननिर्मिती वाढवतात, त्यामुळे कठोर सराव अधिक मानवतो. याची किंमत यकृत, रक्तातील मेद आणि हृदय यांना मोजावी लागते. स्त्रियांमध्ये आवाज घोगरा होणे, अंगावरील केस वाढणे व मासिक पाळी बिघडणे असे परिणाम होतात. वाढत्या वयातील मुलामुलींत हाडांची वाढ अकाली थांबू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या द्रव्यांवर १९७५मध्येच बंदी घातली होती. ड्रेसेल यांच्या यादीतील स्टॅनोझोलॉल १९८८मध्ये सेऊल येथे धावपटू बेन जॉन्सन यांच्या नमुन्यात सापडले, तेव्हा ते नाव जगभर पोहोचले.

मात्र जीवनसत्त्वाची गोळी, वेदनाशामक इंजेक्शन आणि बंदी असलेले स्टेरॉइड या तिन्ही गोष्टी ड्रेसेल यांच्या बाबतीत एकाच उपचाराचा भाग म्हणून आल्या, हे ध्यानात घ्यावे लागते. त्या चोरून काळ्या बाजारातून काही आणत होत्या, असे हे प्रकरण नाही. वैद्यांनी लिहून दिलेले त्या घेत होत्या. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या या तरुणीचे सांधे आणि पाठीचा कणा झिजलेले होते, हे शवविच्छेदनानंतर उघड झाले.

मृत्यू

८ एप्रिल १९८७ रोजी गोळाफेकीचा सराव करताना ड्रेसेल यांच्या कमरेजवळ तीव्र वेदना सुरू झाल्या. नेहमीची लचक समजून वेदनाशामके देण्यात आली. वेदना वाढतच गेल्या. औषधेही वाढत गेली. माइन्त्स विद्यापीठाच्या रुग्णालयात अस्थितज्ज्ञांपासून मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांपर्यंत अनेक डॉक्टरांनी त्यांना तपासले, पण निदान होईना. शेवटी अतिदक्षता विभागात १० एप्रिलला त्यांची प्राणज्योत मालवली. सत्ताविसावा वाढदिवस तेव्हा २४ दिवसांवर होता.

तज्ज्ञांनी या मृत्यूला विषारी व ॲलर्जिक प्रतिक्रियेतून उद्भवलेला प्रकार मानले. परकी प्रथिने वारंवार टोचली गेली, की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध अतिसंवेदनशील होऊ शकते. त्यानंतर एखादे साधे औषधही तिचा भडका उडवण्यास पुरेसे ठरते. कोणत्या एका द्रव्यामुळे हे घडले, याचा निर्णय मात्र होऊ शकला नाही. म्हणून केवळ स्टेरॉइडांनी त्यांचा बळी घेतला असे जे सर्रास लिहिले जाते, ते काटेकोर नाही. एवढी द्रव्ये एका शरीरात एकत्र आल्यावर काय होईल, हे ती देणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. सरकारी वकिलांनी केलेला तपास कोणावरही आरोप न ठेवता बंद झाला.

पडसाद

‘डेर श्पीगल’ या साप्ताहिकाने त्याच वर्षी तपासातील कागदपत्रांच्या आधारे विस्तृत वृत्तांत छापला आणि देशात खळबळ उडाली. उत्तेजके म्हणजे पूर्व जर्मनीची करामत, असा पश्चिमेत सोयीस्कर समज होता. पूर्वेत सरकारी योजनेनुसार अल्पवयीन मुलींनाही स्टेरॉइडे दिली जात होती, हे खरेच आहे. त्याबद्दल २०००मध्ये बर्लिनच्या न्यायालयात पूर्व जर्मन क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड दोषी ठरले. पश्चिमेचा हिशेब मांडायला मात्र अधिक काळ लागला. १९७०मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय क्रीडाविज्ञान संस्थेमार्फत सरकारी पैशातून स्टेरॉइडांवरील संशोधनाला साहाय्य मिळत होते, हे २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासकारांच्या अहवालाने दाखवले. फ्रायबुर्गच्या क्रीडावैद्यकाची चौकशी करणाऱ्या समितीने २०१५मध्ये क्ल्युम्पर यांनी सायकलपटूंना स्टेरॉइडे पुरवल्याचे पुरावे समोर आणले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीत उत्तेजकविरोधी कायदा लागू झाला. क्ल्युम्पर बऱ्याच आधी दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाले होते. २०१९मध्ये त्यांचे निधन झाले.